प्रश्न अकरावा: पाणी किती पिता?

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी शिराळ्यात आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला एस्टीचा कंडक्टरच बघा." कंडक्टर काही मिळाला नाही, सांगलीचा बँकेतला माणूस मिळाला. भिंगरी तशीच राहिली. आता मी कडेगावच्या बाजूला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, आणि शिकवताना दारापासून खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या मारते की पहिल्या बाकावरच्या मुलींच्या माना दुखतात. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे. दर तासाला ते थरथरतं आणि निळा थेंब दाखवतं, म्हणजे पाणी प्या. मी तिथल्या तिथं बाटली उघडते. मागून पोरं कुजबुजतात, "मॅडमचं घड्याळ तहानलं बघ." त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.

असल्या बाईच्या हातात सर्वेक्षण द्यायलाच नको होतं. पण प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, मूल्यांकनाची समिती यायची आहे. विद्यार्थ्यांची जीवनशैली आणि स्वास्थ्य यावर काहीतरी करा. आलेख पाहिजेत. रंगीत." मला तर उकळ्याच फुटल्या. पंधरा दिवस खपून मी अठ्ठावीस प्रश्नांचा फॉर्म बनवला. झोप किती, मोबाईल किती, नाश्ता करता का, व्यायाम कोणता, मन उदास होतं का, झालं तर काय करता. अकरावा प्रश्न होता, दिवसातून किती पेले पाणी पिता. शेवटी सगळ्यांची बेरीज करून प्रत्येकाचे शंभरपैकी स्वास्थ्यगुण काढायचे. माझा मलाच अभिमान वाटत होता, खोटं कशाला सांगू?

फॉर्म वाटताना मी बजावलं, "नाव लिहायचं नाही. खरं तेच लिहायचं." मागच्या बाकावरून लगेच आलं, "मॅडम, मार्क किती?" मी म्हटलं, "शंभर." झालं, सगळे सावरून बसले आणि एकमेकांच्या कागदात डोकावायला लागले. मी ओरडले, अरे, हा पेपर आहे का? तुझी झोप त्याची बघून लिहिणार आहेस का तू?

उत्तरं वाचताना मी हसून हसून बेजार झाले. नाश्त्याला एकानं लिहिलं होतं, "चहा-बटर, बटर असंल तर." व्यायामापुढं एका मुलीनं मलाच सवाल टाकला होता, "सुट्टीला उसाची लागण करायला जाते, ते धरायचं का?" मन उदास झाल्यावर काय करता, याला उत्तर होतं, "म्हशी धुतो." तो मुलगा बाकी कुठंच खोटं बोलला नसणार असं मला वाटलं, त्याला मी मनापासून पूर्ण गुण दिले.

एक फॉर्म मात्र नाव नसतानाही मला ओळखू आला. व्यायामापुढं लिहिलं होतं, "पहाटे आठशे मीटर चार येळा, गोळा वीस येळा." कॉलेजात गोळा फेकणारी मुलगी एकच. माझ्याच वर्गातली, उंच, काळीसावळी, कमी बोलणारी. वडील पूर्वेकडचे मेंढपाळ, आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. ही शिकायला म्हणून आत्याकडं राहिलेली, सकाळी आठच्या एस्टीनं यायची आणि सहाच्या पुढं घरी पोचायची. पोलीस भरतीचा अर्ज भरताना माझ्याकडं बोनाफाईडवर सही घ्यायला आली होती, तेव्हा तिनं सरळ सांगून टाकलं होतं. "बा म्हणलाय, ही एक भरती बघू. झाली तर झाली. न्हाई झाली तर उन्हाळ्यात पाव्हणं बघायचं." मी विचारलं, "आणि तुझं काय म्हणणं?" ती म्हणाली, "माझं म्हणणं पळायचं हाय, मॅडम."

तिचे स्वास्थ्यगुण बेष्ट निघाले. झोप चांगली, मोबाईल नाहीच म्हटलं तरी चालेल, भाकरी दोन वेळा. फक्त अकराव्या प्रश्नात ती गटांगळी खात होती. "सकाळी एक, घरी आल्यावर दोन." आणि ती एकटी नव्हती. मी आलेख काढला, मुलांचे निळे खांब, मुलींचे गुलाबी. पाण्याच्या ठिकाणी निळे खांब ताडमाड आणि गुलाबी जेमतेम जमिनीच्या वर. कितीदा तपासलं तरी तेच.

यावरून कोणी काय काढलं असतं मला ठाऊक नाही. मी काढलं, की मुलींमध्ये जाणीव नाही. टंकून घेतलं तसं, निष्कर्ष म्हणून. मग उपाय काढला. मला निष्कर्षावर थांबता येत नाही, हा माझा जुना रोग. शिपायाला सांगून मी दुपारी बाराला आणि दोनला एकेक घंटा सुरू केली, पाण्याची घंटा. घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. आणि ते पितात की नाही हे बघायला मी स्वतः वर्गावर्गातून फिरायला लागले. घड्याळातली पावलं भराभर वाढत होती, मी खूश होते.

पहिल्याच दिवशी ती गोळावाली बाटलीशिवाय बसलेली दिसली. मी माझी बाटली तिच्यापुढं धरली.

"पी."

"नगं मॅडम."

"पी म्हणते ना. महिन्यावर भरतीचं मैदान आलंय तुझं. अंगात पाणी नसलं तर पळशील कशी?"

"घरी पिते मॅडम."

"घरी काय विहीर पिणार आहेस? पोलीस व्हायला निघालीय आणि घोटभर पाण्याला घाबरतेय!"

वर्ग हसला. हसावं म्हणूनच मी बोलले होते, हेही आता कबूल करते. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, बाटली घेतली आणि तोंड वर करून सगळीच्या सगळी संपवली. बाटली परत देताना नुसतं म्हणाली, "झालं?" मला तो उद्धटपणा वाटला. म्हणून मग रोज दोन्ही घंटांना मी आधी तिच्याच बाकाजवळ जायला लागले. ती रोज पीत होती. शेजारच्या मुली गप्प बसून बघत होत्या. एकदा त्यातल्या एकीनं तोंड उघडलं, "मॅडम, तिला..." आणि हिनं बाकाखालून तिला कोपर मारलं. मीही विचारलं नाही. मला पुढच्या वर्गात जायचं होतं.

उसाचा हंगाम जोरात चालू होता. एक दिवस आमच्या रस्त्यावर ट्रॉली उलटली, आडवातिडवा ऊस पसरला आणि दोन्हीकडं गाड्यांची रांग लागली. आम्ही चौघी प्राध्यापिका एका मोटारीनं सांगलीहून ये-जा करतो. आमच्या चालवणाऱ्यानं मळ्याच्या वाटेनं गाडी काढली आणि आम्ही घरी पोचलो. एस्ट्या मात्र अंधार पडेपर्यंत तिथंच उभ्या होत्या, असं दुसऱ्या दिवशी कळलं. त्यातल्याच एकीत ती गोळावालीही होती. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिच्या आत्याचा फोन आला. "मॅडम, पोरगी तापानं फणफणलीया. दवाखान्यात घातलीया. मैदान बारा दिसांवर आलंय आन ही उठंना झालीया, काय करू वं?"

मी तास सोडून तशीच गेले. छोटा दवाखाना, चार खाटा. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली, हाताला सलाईन. डॉक्टर बाई होत्या, तरुण, तुटक बोलणाऱ्या. मी तोंड उघडून बसले, म्हणजे सवयीनं भाषणच सुरू केलं. मुली पाणीच पीत नाहीत, मी किती कानीकपाळी ओरडते, आमच्या सर्वेक्षणातही तेच आलंय वगैरे. डॉक्टरबाईंनी माझं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं.

"पाणी पितेस ना गं?"

"पिते. मॅडम पाजत्यात."

"मग लघवीला कधी जातेस?"

"घरी गेल्यावर."

"म्हणजे?"

"सकाळी निघताना. मग घरी गेल्यावर."

डॉक्टरबाईंनी मान उचलून माझ्याकडं पाहिलं. "दिवसभर रोखून धरते ही. संसर्ग वर किडनीपर्यंत गेलाय. तुमच्या कॉलेजात मुलींसाठी सोय नाही का?"

"आहे की," मी म्हटलं. लगेच म्हटलं, विचार करायला एक क्षणही घेतला नाही.

ती भिंतीकडं बघतच बोलली. आवाज चढवला नाही, तक्रारीचा सूर नाही. "हाय, पर त्याला कडी न्हाई मॅडम. नळाला पाणी न्हाई. पोरांच्या गाड्या लावायच्या जाग्यावरनं जायला लागतंय. तितं पोरं बसलेली असत्यात, आत कोण गेलं, किती येळ लागला, समदं बघत्यात. मोजत्यात. म्हणून आमी कुणीच पाणी पीत न्हाई. तुमच्याकडलं चांगलं हाय. पर त्याला कुलूप हाय."

माझी पर्स मांडीवर होती. त्यात पाकीट, पेन, चाळीसएक फॉर्म आणि एका लाल प्लास्टिकच्या चकतीला लावलेली किल्ली. स्टाफच्या संडासाची. चार किल्ल्या, आम्हा चौघींकडं एकेक. दोन वर्षांपूर्वी मुलींचा नळ तुटला, मुली आमच्याकडं यायला लागल्या, आम्हाला ती वर्दळ सोसेना. तेव्हा अर्ज कोणी लिहिला? मी. "स्वच्छतेच्या दृष्टीने स्वतंत्र कुलूप मिळावे ही विनंती." पहिली सही माझी. अक्षर चांगलं म्हणून बाकीच्या तिघींनी मलाच लिहायला लावला होता. दर तासाला मी बाटलीभर पाणी प्यायचे आणि दर दोन तासांनी ही किल्ली फिरवायचे, आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नळ तुटलेला मला माहीत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझा तो कळसाही चोरीचा होता.

मला तिथं बसवेना. उठले, बाहेर व्हरांड्यात गेले, परत आत आले, परत बाहेर. आत्यानं चहा पुढं केला तो घेतला आणि तसाच ठेवला. शेवटी खाटेजवळ जाऊन म्हटलं, "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"चारचौघात कसं सांगू?" ती म्हणाली. "आन तुमी पी म्हणला. गुरूचं कसं मोडायचं?"

दुसऱ्या दिवशी मी नऊ वर्षांत पहिल्यांदा मुलींच्या संडासाकडं गेले. गाड्यांवर पाच-सहा पोरं बसलेली होती. मला बघून उठली, पण त्यांच्या समोरून त्या दारापर्यंत जाताना माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बाईचीही मान खाली गेली. आत एक बादली, बूड नसलेली. दाराच्या कडीच्या जागी सुतळी. मी ती सुतळी बोटाला गुंडाळून दार आतून ओढून धरलं आणि तशीच उभी राहिले. एका हातानं दार धरायचं तर बाकीचं कसं करायचं? बाहेर पोरांची खसखस ऐकू येत होती. त्या माझ्याच वर्गातल्या मुलांना मी स्वास्थ्याचे सत्तर-सत्तर गुण दिले होते.

परत येऊन मी स्टाफचं कुलूप काढलं. सहकारी बाई म्हणाल्या, "अगं, घाण करतील." मी म्हटलं, "करू देत. आपण काय केलंय ते बघून ये जा आधी." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मोटारीत खिडकीबाहेर बघत बसल्या. प्राचार्य म्हणाले, "समिती येऊन जाऊ दे, मग प्रस्ताव पाठवू." मी त्यांच्या टेबलावर तो गुलाबी खांबांचा आलेख ठेवला आणि म्हटलं, "सर, मग समितीला हाच दाखवते, कारणासकट." आठवड्यात कडी बसली, नळ आला, गाड्या कंपाउंडच्या पलीकडं गेल्या. एवढंच काम होतं. आठवड्याचं. पाण्याची घंटा मी बंद केली. मुलींनीच मला येऊन सांगितलं, "आता घंटा नको मॅडम, आमी पितो." मला तेही ऐकवेना.

तिला मात्र तेवढा आठवडा परत देता येत नव्हता. ताप उतरला तेव्हा मैदानाला पाच दिवस उरले होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, पळू नको. आत्या म्हणाली, पुढच्या वेळेला बघू. ती म्हणाली, "फुडली येळ कुठली? बाला काय सांगू?" आणि पळायला लागली.

मैदान सांगलीतच होतं, म्हणून मी सकाळी गेले. नका येऊ म्हणाली असती तर बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली, "या की." ऊन वर आलेलं, छातीला नंबर लावलेल्या मुलींची रांगच रांग. मी पाण्याची बाटली नेली होती. तिनं नको म्हणून मान हलवली. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांच्या हातात बाटल्या होत्या, आणि बऱ्याच जणींच्या तोंडापर्यंत भरलेल्या. मी त्यातल्या कुणाला काही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

गोळा तिनं झकास फेकला. आठशे मीटरला पहिली फेरी पुढं होती. दुसऱ्या फेरीत वळणावर तिची चाल तुटली. मी कुंपणाला धरून ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. एकेक मुलगी तिला मागं टाकून गेली. ती थांबली नाही, पण पळणं पळण्यासारखं राहिलं नाही. रेषा ओलांडून गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली आणि बऱ्याच वेळानं माझ्याकडं आली. "न्हाई झालं मॅडम," म्हणाली. "येळ माझी मलाच कळती." यादी नंतर लागली, तिचं खरं निघालं.

मी तिला स्कूटरवर बसवून माझ्या घरी आणली. रस्ताभर माझं तोंड चालू होतं. पुढच्या वेळी असं करू, वडिलांशी मी बोलते, मी स्वतः येते वाड्यावर, मेंढरं जिथं असतील तिथं. ती मागून नुसतं हं म्हणत होती. मग गाडी सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाली, "बा ऐकील वाटतंय तुमास्नी?" सिग्नल सुटला म्हणून बरं झालं.

घरी आल्या आल्या मी तिला बाथरूमचा दरवाजा दाखवला. ती बाहेर आली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. मी पोह्याला फोडणी टाकत होते. माठाजवळचा पेला तिनं भरून घेतला आणि घटाघटा प्यायली. परत भरला, प्यायली. तिसरा भरला. माझा हात कढईवर थांबला होता, हे मला कळलंच नाही. तिला कळलं.

"मोजताय व्हय मॅडम?"

मी मान खाली घातली.

"मोजा की," ती म्हणाली. हसली थोडी. "तीन झालं. लिवा तुमच्या कागदात."

मी पटकन चौथा पेला भरून तिच्यापुढं केला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, माठात परत ओतला आणि झाकण ठेवलं.

"चौथा नगं. आता एस्टीत बसायचंय."